जर्मन पाहुण्यांना नाशिकच्या सिंहस्थाला पाठवताय? मग स्नान पर्वणीच्या आधी उरकू द्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की स्टुटगार्टच्या ऑफिसातली तुमची मैत्रीण आणि तिचा नवरा, दोघंही साठीच्या आसपासचे, २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थाला यायचं म्हणतायत, तुम्हाला सुट्टी नाही म्हणून दोघंच येणार, तर परदेशी माणसाला स्नान करू देतात का, घालायचं काय, राहायचं कुठे, गर्दीत काही होणार नाही ना आणि यायचं कुठल्या तारखेला. माझं माहेर पंचवटीतलं, गेली बावीस वर्षं परदेशी पाहुण्यांना नाशिक-त्र्यंबक, हरिद्वार, प्रयाग फिरवते, नाशिकचं २०१५ चं सिंहस्थ आणि प्रयागचे २०१३, २०१९, २०२५ चे मेळे पाहुण्यांचा हात धरून केलेत, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

स्नान करू देतात, कोणी धर्म विचारत नाही, पासपोर्ट विचारत नाही. उलट शेजारची आजी तुमच्या मैत्रिणीचा हात धरून तिला पायरीवर उतरवेल आणि नाक कसं धरायचं ते दाखवेल, हे मी कितीदा पाहिलंय. पण माझं म्हणणं पहिल्यापासून एकच असतं, स्नान पर्वणीच्या दिवशी, म्हणजे आखाड्यांच्या शाही स्नानाच्या मुख्य तारखेला, करायचं नाही. गुरू सिंह राशीत आहे तोवर गोदावरीचं स्नान सिंहस्थाचंच, आपल्याकडची म्हातारी माणसं गर्दी टाळून मधल्याच एखाद्या दिवशी गंगेवर जाऊन येतात (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतो आम्ही, गंगेवर जाऊन येते म्हणजे रामकुंडावर). म्हणजे स्नान साध्या दिवशी शांतपणे, आणि पर्वणीची मिरवणूक बघायची ती एका जागी उभं राहून, लांबून. साठीच्या माणसांना मी याच्या उलट कधीच करू देत नाही, कितीही हट्ट केला तरी.

कारण सांगते. रामकुंड म्हणजे प्रयागची वाळू नाही. तिथे संगमावर मैलोन्‌मैल मोकळा पट्टा असतो, आणि तरीही २९ जानेवारी २०२५ ला मौनी अमावस्येच्या पहाटे चेंगराचेंगरीत ३० माणसं गेल्याचं सरकारनेच सांगितलं. रामकुंड साधारण ९० फूट लांब आणि ४० फूट रुंद, आजूबाजूला जुन्या पंचवटीच्या उताराच्या गल्ल्या. २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकात त्या उतारावरच ३९ भाविक चेंगरले. मी त्या दिवशी माहेरी होते, दुपारभर कोणाचा फोन लागत नव्हता आणि आई दारात उभी राहून गल्लीतल्या प्रत्येकाला विचारत होती की आमचे अण्णा दिसले का. अण्णा संध्याकाळी आले, अनवाणी, आणि दोन दिवस बोलले नाहीत. त्यामुळे कोणी मला म्हणालं ना की खरा अनुभव पर्वणीच्या गर्दीतच मिळतो, तर माझा जीव घाबरतो.

आता तारखा. जाहीर झालेलं वेळापत्रक असं आहे, ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६, पहिली पर्वणी २ ऑगस्ट २०२७, दुसरी ३१ ऑगस्ट, तिसरी नाशिकला ११ सप्टेंबर आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबर, आणि ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ ला. प्रयागला २०२५ पासून शाही स्नानाला अमृत स्नान म्हणायला लागले, बातम्यांत तोच शब्द दिसेल, नाशिककर मात्र पर्वणीच म्हणतात, रिक्षावाल्यालाही तोच शब्द कळतो, तेवढा मैत्रिणीला शिकवून ठेवा. पहिली पर्वणी सोडा असं मी सांगेन. एकतर सोमवती अमावस्या, आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण, आपल्या पश्चिम भागातून दुपारनंतर खंडग्रास दिसणारं. ग्रहणाचं स्नान म्हणून गावोगावची माणसं एरवीही गंगेवर येतात, त्यात पर्वणी, म्हणजे गर्दी संध्याकाळनंतरही हटणार नाही. तिसऱ्या पर्वणीला गणपतीचे दिवस, ४ सप्टेंबरला चतुर्थी, मुंबईपासून नाशिकपर्यंत रस्ते आणि हॉटेलं भरलेली. मी असते तर ३१ ऑगस्टची दुसरी धरली असती. म्हणजे २१-२२ ऑगस्टला मुंबई, दोन दिवस झोप पूर्ण करायची, २४ ला नाशिक, २७ ला शुक्रवारी सकाळी स्नान, ३१ ला मिरवणूक, आणि ३ सप्टेंबरला निघून मुंबईत किंवा पुण्यात गणपतीचं आगमन बघून परत. २३ ऑगस्टला मात्र त्र्यंबकला पाऊलही टाकू नका, श्रावणातला तिसरा सोमवार आहे, ब्रह्मगिरीच्या फेरीला आदल्या रात्रीपासून जी माणसं येतात त्यानेच गाव तुडुंब भरतं, त्यासाठी सिंहस्थ लागत नाही.

मध्ये दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, का तर हा भर पावसाळ्यातला मेळा आहे. प्रयागचा माघातल्या थंडीतला, त्याचे फोटो बघून लोक स्वेटर घेऊन येतात आणि इथे छत्री उलटी होते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावर उतरू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. रामकुंडाच्या जवळ नदीपात्रातच दुतोंड्या मारुती आहे, पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं यावरून नाशिककर पूर किती आला ते सांगतात. तुमच्या पाहुण्यांना सकाळी तो मारुती बघायला सांगा, पाणी त्याच्या पायांवरून वर चढताना दिसलं तर त्या दिवशी खोलीतच थांबायचं, दुसऱ्या दिवशी बघू.

अजून एक गोष्ट, जी आपल्या मराठी माणसांनाही बऱ्याचदा माहीत नसते. परदेशी लोकांच्या डोक्यात कुंभ म्हणजे भस्म फासलेले नागा साधू. ते नाशिकला रामकुंडावर दिसणारच नाहीत. नाशिकला वैष्णवांचे तीन आखाडे, निर्वाणी, दिगंबर आणि निर्मोही, त्यांचे खालसे (म्हणजे उपगट), बैरागी साधू, त्यांचा मुक्काम तपोवनात साधुग्राममध्ये. शैव आखाडे, म्हणजे जुना, निरंजनी, महानिर्वाणी वगैरे, आणि त्यांच्याबरोबर उदासीन आणि निर्मल, हे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात. पेशवाईच्या काळात दोघांत स्नानाच्या मानावरून भांडणं झाली आणि मग जागा वेगळ्या झाल्या. दोन्हीमध्ये २८-३० किलोमीटरचं अंतर आहे आणि पर्वणीच्या दिवशी एकातून दुसरीकडे जाता येत नाही, हे गृहीतच धरा. कुशावर्त तर गावाच्या मधोमध, चारी बाजूंनी दगडी ओवऱ्या, लहानसं कुंड. तिथे पर्वणीला नको. त्यापेक्षा २५-२६ च्या सुमारास त्र्यंबकच्या आखाड्यांत सकाळी जाऊन बसायचं, धुनीजवळ, तेव्हा साधूंनाही वेळ असतो.

आखाड्यात बसायची रीत सांगून पाठवा. चप्पल बाहेर, धुनीकडे पाय करून बसायचं नाही, धुनीत टिश्यू पेपर, सिगारेट, काहीही टाकायचं नाही, ती त्यांची पूजेची जागा आहे. जटांना हात लावायचा नाही. चहा दिला तर घ्यावा, चिलीम पुढे आली तर दोन्ही हात जोडून मान हलवली की पुरे, कोणाला राग येत नाही, आणि गांजा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे, परदेशी पासपोर्टवर तर त्या भानगडीत पडूच नये. दक्षिणा इच्छेप्रमाणे. कोणी पहिल्या भेटीत दीक्षा घ्या, एवढे डॉलर लागतील असं म्हणालं तर उठून यायचं. खरे साधू कोणाच्या मागे लागत नाहीत, आणि परदेशी माणसाला ते कमीही लेखत नाहीत. ऑक्सफर्डचे संस्कृत अभ्यासक जेम्स मॅलिन्सन, कितीतरी वर्षं रामानंदी साधूंबरोबर राहिलेले, त्यांना २०१३ च्या प्रयागच्या कुंभात महंत केलं. पण त्यामागे आयुष्यभराची संगत आहे.

देवळांचं मात्र वेगळं असतं, हे आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर दारात मन दुखावतं. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात हिंदूंनाच प्रवेश असा फलक आहे. स्टीव्ह जॉब्ज यांच्या पत्नी लॉरेन पॉवेल जॉब्ज २०२५ च्या कुंभाला आल्या, निरंजनी आखाड्याच्या महामंडलेश्वरांच्या शिबिरात राहिल्या, त्यांनाही काशी विश्वनाथाच्या शिवलिंगाला हात लावू दिला नव्हता, बाहेरूनच दर्शन. तुमच्या मैत्रिणीला कळस बाहेरूनही दिसतो आणि मागे ब्रह्मगिरी, पावसात त्यावरून धबधबे उतरतात, मी तिथे पाहुण्यांना तासभर बसवते आणि कोणी तक्रार करत नाही. नदीला मात्र दार नाही, हे वाक्य एका फ्रेंच पाहुणीने मला कुशावर्तावर म्हटलं होतं आणि ते मला अजून पुरतं.

आता स्नानाचं. बायकांनी गडद रंगाचा जाडसर सुती सलवार-कमीज घालावा, पांढरा किंवा पातळ कपडा नको, भिजला की अंगाला चिकटतो आणि मग त्या बाईला नुसतं अवघडून जातं. स्विमसूट अजिबात नाही. पुरुषाने हाफ पँट किंवा पंचा, वर बनियन असली तरी चालते. कपडे बदलायच्या खोल्या असतात पण ओल्या आणि गर्दीच्या, म्हणून एक मोठा सैल गाउन बरोबर ठेवायचा, तो डोक्यावरून घालून आतल्या आत बदलता येतं, आपल्या बायका वर्षानुवर्षं असंच करतात. पायात मागे पट्टा असलेले प्लास्टिकचे फ्लोटर, ते पायरीजवळ काढायचे आणि पिशवीत घालून खांद्याला लावायचे, तिथेच ठेवून पाण्यात उतरलं तर परत मिळतील याची खात्री नाही. पायऱ्यांना शेवाळ असतं, साखळी धरूनच उतरायचं, कमरेच्या वर पाणी जाईल इतकं आत जायचंच नाही, तीन बुड्या मारायच्या आणि बाहेर.

पाण्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. श्रद्धा माझीही आहे, मी स्वतः बुडी मारते, पण पाहुण्यांना सांगते की तोंड घट्ट मिटा, तीर्थ म्हणून प्यायला दिलं तर ओंजळ कपाळाला लावा, तेवढा मान पुरे आहे. पायाला जखम, भेग, फोड असेल तर त्या दिवशी स्नान नको, हातापायावर पाणी घ्या आणि डोक्यावर शिंपडा, प्रोक्षण केलं तरी स्नानच मानतात. पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) भीती असते, म्हणून जर्मनीतच डॉक्टरांशी त्याबद्दल बोलून घ्यायचं, शिवाय हेपटायटिस ए, टायफॉइड आणि धनुर्वाताची इंजेक्शनं निघायच्या महिनाभर आधी. बीपी-शुगरच्या गोळ्या दुप्पट आणायच्या आणि निम्म्या नवऱ्याच्या, निम्म्या बायकोच्या बॅगेत. ओआरएसची पाकिटं कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना भारतात नदीत स्नान केलं होतं हे आवर्जून सांगायचं, नाहीतर ते फ्लू समजून घरी पाठवतील.

संकल्प सांगायचा असेल तर गुरुजी नाव आणि गोत्र विचारतात, गोत्र नसेल तर काश्यप म्हणून चालवतात. दक्षिणा आधी ठरवून घ्या, नंतर नाही. आणि ताई, इथे तुमचं काम आहे. तुमचं आडनाव आणि मूळ गाव लिहून मैत्रिणीजवळ द्या, रामकुंडावर विचारलं की त्या गावाचे क्षेत्रोपाध्ये (तीर्थावरचे पिढीजात पुरोहित) कोण ते सांगतात, त्यांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात, कोण कधी आलं, बरोबर कोण होतं. २०१५ ला माझ्याबरोबर एक डच बाई होती, तिची मैत्रीण साताऱ्याकडची, तिच्या पणजोबांची सही सापडली, मोडी लिपीत. त्या बाईने फोटो काढून हॉलंडला पाठवला आणि तिकडून व्हिडिओ कॉलवर ती मुलगी इतकी रडली की गुरुजींनी वही तशीच उघडी धरून ठेवली दहा मिनिटं. मी म्हणेन, तुमच्या पाहुण्यांसाठी मिरवणुकीपेक्षाही हे मोठं ठरेल.

कागदपत्रांचं पटकन सांगते. ई-टुरिस्ट व्हिसा फक्त सरकारी साइटवरून, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं, तशाच दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. ३० दिवसांचा अगदी आयत्या वेळीच भरता येतो, म्हणून १ वर्षाचा घ्या, डोक्याला ताप नाही. येण्याआधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. सॅटेलाइट फोन आणि ट्रेकिंगवाले वापरतात ती सॅटेलाइट मेसेजची यंत्रं परवानगीशिवाय आणायची नाहीत, विमानतळावर लोक यात खरोखर अडकलेत. ई-सिगारेटवर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे. ड्रोन तर घरीच ठेवा.

राहायचं ठिकाण निवडताना एकच प्रश्न फोन करून विचारायचा, परदेशी पाहुण्यांचा सी फॉर्म भरता का. परदेशी माणूस उतरला की २४ तासांत ती माहिती ऑनलाइन द्यावी लागते, बऱ्याच छोट्या लॉजकडे त्याची नोंदणीच नसते, आणि मग ऑनलाइन बुकिंग असूनही काउंटरवर नाही म्हणतात. प्रयागला २०१३ मध्ये एका लॉजने मला आणि चार पाहुण्यांना रात्री अकरा वाजता असंच परत पाठवलं, थंडीत, आम्ही पहाटेपर्यंत स्टेशनवर बसलो. तुमच्या काकूंच्या घरी उतरणार असतील तरी तो फॉर्म काकूंना भरावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. साध्या दिवसांत कॉलेज रोड, गंगापूर रोड बरं पडतं, पण पर्वणीच्या आदल्या दिवशीच रामकुंडापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी हलायचं कारण गाड्या शहराबाहेरच थांबवतात. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला इतकं बॅरिकेडिंग होतं की शहरातली माणसंच घरात अडकली होती, दुसऱ्या पर्वणीला लोंढा आला.

मुंबईहून रस्ता साधारण १७० किलोमीटर, पावसात कसारा घाटामुळे चार-पाच तास सहज जातात. रेल्वेने नाशिक रोडला उतरायचं, तिथून पंचवटी नऊ-दहा किलोमीटर. पर्वणीच्या आदल्या आणि नंतरच्या दोन दिवसांत रेल्वे स्टेशनवर जायचंच नाही. १५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्ली स्टेशनवर १८ माणसं गेली, कुंभाला निघालेली, घाटापासून शेकडो किलोमीटर लांब. गर्दीचा धोका घाटावरच असतो असं नाही, पूल, जिना, प्लॅटफॉर्म, गल्लीचं वळण इथे तो जास्त.

३१ तारखेला बघायची जागा आदल्या दिवशी उजेडात जाऊन नक्की करा, शक्यतो मिरवणुकीच्या रस्त्यावरची गच्ची किंवा पहिल्या मजल्याची गॅलरी, घरमालकाला आधी विचारून. खाली उतरायचं नाही. तरी कधी गर्दीत सापडलेच तर हात छातीसमोर घ्यायचे, म्हणजे श्वासाला जागा राहते, भिंत आणि कठड्यापासून लांब, लोंढ्याच्या उलट न जाता तिरकं तिरकं बाजूला सरकायचं, आणि खाली काहीही पडलं, फोन, चप्पल, पासपोर्ट, वाकायचं नाही. हे मी पाहुण्यांकडून मोठ्याने म्हणून घेते.

फोटोचं, साधूला विचारून काढा, कॅमेरा दाखवून नुसती मान डोलावली तरी त्याला कळतं. आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो कधीच नाहीत, ती चूक परदेशी माणसाने केली की घाटावर वातावरण लगेच तापतं, आणि तापलंच पाहिजे, ती आपली आई-बहीण आहे. तुमच्या मैत्रिणीलाही गर्दीत धक्के, नको ते स्पर्श होऊ शकतात, हे लपवू नका, तिने बायकांच्या घोळक्याला लागून चालावं आणि काही झालं तर मोठ्याने ओरडावं, आजूबाजूच्या बायकाच त्या माणसाला धरतात, पोलीस नंतर येतात.

एक शेवटचं, ते तुम्ही तिकडे बसूनच करा. पर्वणीला नेटवर्क जातं, नकाशा चालत नाही. जाड कागदावर मराठीत ठळक लिहा, "आम्ही जर्मनीहून आलोय, आम्हाला मराठी-हिंदी येत नाही, आमची चुकामूक झाली आहे, कृपया आम्हाला इथे पोचवा", खाली हॉटेलचं नाव, पत्ता, जवळची खूण, तुमच्या नाशिकच्या नातेवाइकांचा नंबर, आणि ११२ व १०८. दोन प्रती करा, प्लास्टिकमध्ये घाला, दोघांच्या गळ्यात एकेक, सदऱ्याच्या आत. २०१९ ला माझे एक पाहुणे, सत्तरीचे, संगमावर पाच तास हरवले होते, असलाच कागद एका भाजीवाल्याला दाखवला आणि त्याने गाडा मुलावर सोपवून त्यांना तंबूपर्यंत चालत आणून सोडलं, पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला. तुम्ही मजकूर लिहा आणि इथे टाका, मी बघून देते, आणि हॉटेलजवळची खूण रिक्षावाल्याला कळेल अशी बदलून देते.